सेन्सरची वायर

३ मार्च, सोम.
पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात असला की सेन्सर मशीन थांबवतो. आज शेठ म्हणाले, वायर जोड, सेन्सर बंद कर, मशीन सारखं थांबतं.
मी कुरकुरलो. शेठ म्हणाले, "मशीन लावणारा सेटर आहेस ना? मग प्रवचन देऊ नको."
जोडली.

५ मार्च
मनोहरची तीन बोटं गेली. देवळ्याचा माणूस, माझ्या शेजारच्याच मशीनवर. रक्तात बसून मलाच विचारत होता, "भाऊ, मना हात कोठे शे?"
दवाखान्यात कंपनीने लिहायला लावलं, घरी कडबाकुट्टीत हात गेला. मनोहरच्या अंबडच्या दहा बाय दहाच्या खोलीत कडबाकुट्टी! लाज कशी वाटत नाही. मला तरी कुठे वाटली.

१० मार्च
मनोहर तक्रार करणार, हे शेठला कळलं. शिफ्ट सुटताना तो आम्हाला भेटायला गेटवर आला, तिथे शेठचे तीन बाउन्सर. पाडला, पाइपने हाणला. एक जण बँडेजवर बूट दाबून उभा. मनोहर गुरासारखा ओरडत होता. आम्ही चाळीस जण डबे घेऊन बघत होतो.

११ मार्च
शेठने केबिनमध्ये बोलावलं. चहा. "पोलिसांना सांग, मनोहरनेच आधी हात उचलला."
"कुठला हात, शेठ?"
मागून बाउन्सरने कानाखाली वाजवली. चहा सगळा अंगावर.
शेठ शांतच. "वायर कोणी जोडली? तूच ना? मग केस कोणावर बसेल? उद्या चौकीत जाऊन जबाबावर सही करायची."

१२ मार्च
गेलो नाही. इंदिरानगरला आमच्या मीनाच्या क्लासबाहेर तोच बाउन्सर उभा होता. पोरीला नावाने हाक मारली. ती पळत घरी आली.
बायको, कांता, म्हणाली, "करा सही." मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या बाउन्सरला उभं चिरावंसं वाटतं. आणि दाराला आतून कडी लावून बसलोय.

१३ मार्च, गुरु.
चौकी. जबाब आधीच टाइप केलेला, फक्त सही बाकी. म्हटलं, माझा मी लिहितो. हवालदार म्हणाला, "कशाला पायावर धोंडा पाडून घेतोस?"
लिहिलं. वायर मी जोडली. कोणी जोडायला लावली, त्याचंही पूर्ण नाव. गेटवर काय पाहिलं, तेही.
"बाहेर बस."
दोन तास झाले, बाकावर बसून आहे. कांता शेजारी. शेठची गाडी आली, शेठ थेट आत गेले. दार अर्धं उघडं आहे. माझा कागद त्यांच्या हातात, वाचतायत.
हवालदार बोलावतोय. ही वही कांताकडे देतोय. तिला सांगितलं, घरी नको, वही घेऊन मनोहरकडे जा. जाईना, माझी बाही धरून बसली आहे