ऋषीला कळवायचं नाही

३० नोव्हेंबर, रविवार

बारामतीहून घरी आणलं ह्यांना. डॉक्टर म्हणाले, "आता आवडेल ते खाऊ घाला." याचा अर्थ न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? गाडीत इंदापूर जवळ आलं तेव्हा हे एवढंच बोलले, "ऋषीला कळवायचं न्हाय."

सुभेदारसाहेबांचा हुकूम! फौजेतून रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, तरी सवय जात नाही. ड्यूटीवरच्या माणसाला घरचं रडगाणं सांगायचं नाही — लक्ष उडालं की माणूस जिवाला मुकतो. लग्न झाल्यापासून ऐकतेय. आता लेक सीमेवर, म्हणून तोच नियम त्याला.

पुढच्या सीटवर पोरगी, स्वरूपा, रडत होती. मला रडायचाही कंटाळा आला होता.

संध्याकाळी ऋषीचा फोन. "आई, तात्या कुठं हायेत?" म्हटलं, "रानात गेलेत, मोटर बघायला." हे शेजारी पलंगावर, डोळे मिटून ऐकतायत. फोन ठेवल्यावर म्हणाले, "झ्याक."

रेंज नाही म्हणून व्हिडिओ लागत नाही म्हणाला. सुटले!

२ डिसेंबर

दमले.

३ डिसेंबर

भेटायला येणाऱ्यांच्या चहानं मीच आधी जाणार! एका पाहुण्यानं तर ह्यांच्यासमोरच विचारलं, "डॉक्टरनं किती दिवस सांगितल्यात?" अक्कल गहाण ठेवून येतात लोक. प्रत्येकाला दारातच बजावते, ऋषीला फोन करू नका. माना डोलावतात. फौजीचं घर आहे, सगळ्यांना माहीत आहे.

५ डिसेंबर

ह्यांची दाढी करून दिली. गालात हाडंच लागतात आता. वस्तरा अगदी हळू फिरवला. म्हणाले, "कापलं तर कोर्ट मार्शल."

रजेवर आले की वर्दी खुंटीला आणि हे चुलीपाशी. भाकरी माझ्यापेक्षा गोल. स्वरूपाच्या वेण्या इतक्या करकचून घालायचे की पोरीचे डोळे ताणले जायचे, आणि ती शाळेत मिरवायची — "माझ्या तात्यांनी घातल्यात!" बाकीच्या पोरांचे बाप शाळेत यायचे ते मारायला. हे यायचे गरम डबा घेऊन. बायका मला टोमणे मारायच्या, "तुझा नवरा बायकांची कामं करतुया गं." मी म्हणायची, करू द्या, वर्षभर मी त्यांची करते.

अशा माणसाला पाणीसुद्धा चमच्यानं पाजायचं. नाही बघवत.

७ डिसेंबर, रविवार

ऋषीचा फोन. आज "झोपलेत" म्हटलं. त्याचाही आवाज बारीक वाटला. "काय न्हाय आई, ड्यूटी लई हाय." पोटभर खा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पणदऱ्याहून स्वरूपा आली होती. स्वयंपाकघरात मला धरलं. "तात्या गेल्यावर त्याला काय सांगणार हायेस? रानात गेलेत?" मी ओरडले तिच्यावर. तिची छकुली घाबरून आईच्या पदराआड गेली. पोरीला उगीच ताप.

स्वरूपाचं चुकलेलं नाही. पण ह्यांचा शब्द मोडू कसा? आणि नाही मोडला तर ऋषीला बाप दिसायचा नाही.

९ डिसेंबर

आज सासूबाईंची आठवण निघाली. नव्याण्णव साली गेल्या. वर लढाई चालू होती. जोतीराम भावजींनी ठरवलं, दादाला आत्ता कळवायचं नाही. दादाचाच नियम! दिवाळीच्या रजेला हे आले, दारातूनच हाक — "आये, तुला लुगडं आणलंय बघ!" मग फोटोवरचा हार दिसला. लुगडं हातातच. भावजींना म्हणाले, "बरं केलं, कळवलं न्हाय ते." आणि परसात जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसले.

आज विचारलं — खरंच बरं वाटलं होतं का हो तेव्हा?

भिंतीकडं तोंड फिरवलं. नंतर पाणी मागितलं, तेही भिंतीकडं बघूनच.

१२ डिसेंबर

पेज दोन चमचे. तीही उलटली. तापात बडबडतात, "ऋषी आला का? दौंडला उतरला असंल." शुद्धीवर आले की पुन्हा तेच, कळवायचं न्हाय.

मी म्हटलं, "बास झाले तुमचे हुकूम. आता मी मला वाटतं ते करणार."

वाटलं चिडतील. माझा हात धरला आणि धरूनच झोपले. हाताला मुंग्या आल्या तरी मी सोडवला नाही. उद्या फोन करते.

१३ डिसेंबर

केला फोन. सगळं सांगितलं. "ये बाबा, लवकर ये."

तिकडून हुंदका. "आई, मी वर न्हाय गं. पुण्यात हाय, मिलिटरी हॉस्पिटलात. महिना झाला. गाडी दरीत गेली हुती, पायात सळई घातलीय. तुमाला काळजी नको म्हणून मीच कळवू दिलं न्हाय."

ह्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. म्हणाले, "गाडी सांग. मी जातो त्याच्याकडं."

डॉक्टर नको म्हणतायत. म्हणू देत. ॲम्ब्युलन्स दारात आलीय.