सांध्याची किल्ली

नातवंडांच्या आजोबांना घरधनिणीचा नमस्कार.

मी नीट पोचले. तुमचा मुलगा बरा आहे, फक्त बसल्या जागी झोपतो. तुमच्या वेळी या स्टेशनावर सहा माणसं होती. आता मास्तरही हाच, तिकिटं देणाराही हाच आणि गाडीचा रूळ बदलणारा सांधेवालाही हाच. कंदिलांच्या खोलीत सूनबाई लाकडं ठेवते.

गुडघ्याला तेल लावता ना?

काल चालत सांध्यापर्यंत गेले. कुलूप तुमच्या वेळचंच आहे, पण त्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. वाळून दगड झालंय. आणि स्टेशनाच्या वहीत रोज सकाळची त्याची सही आहे, ‘सांधा उघडून पाहिला.’ तेवढं वाचायला तुम्हीच शिकवलंत मला.

मुलाला विचारलं, तर म्हणाला, "आई, सगळ्या गाड्या सरळच जातात, उघडायचा कशाला?" किल्ली मागितली, तर कुठे ठेवली ते त्याला आठवेना. वर हसला.

बुधवारी इथे दोन गाड्यांची गाठ आहे. एकीला बाजूच्या रुळावर घ्यायचंय.

नोकरी सुटताना परत न केलेली किल्ली तुमच्या पेटीत तळाशी आहे. मला माहीत नाही असं समजू नका. ती घेऊन मंगळवारपर्यंत या. नाही आलात तर मीच वरच्या साहेबांना कळवते, मग पोराची नोकरी गेली तरी चालेल.

मांजराला शेजारी सोडा. आणि पास फुकटचा आहे म्हणून गाडीत बसू नका. बसने या.

तुमचीच,
घरची