तीन ओव्यांचं पाणी

अप्पा,

ट्रेनिंगसाठी लोह्याला चालले, परवा येईन. तुमचा डोळा लागला होता, उठवलं नाही. भाकरी दुरडीत आहे.

एक खरं सांगते. अव्वा गेल्यापासून प्लॉटवरच्या भाजीला रोज पाणी देते म्हणाले, ते खोटं होतं. या थंडीत चार दिवस गेलेच नाही. अव्वा असती तर म्हणाली असती, "पोरी, भाजीला काय कळतंय, आज थंडी हाय का रविवार?"

गेले तेव्हा मोबाइलवर दहा-दहा मिनिटं लावून पाणी सोडलं, तर मेथी पिवळी पडली. अव्वाचं माप घड्याळाचं नव्हतंच. एका वाफ्याला तीन ओव्या म्हणायच्या, की पाइप पुढच्या वाफ्यात. पहिल्या दोन मला येतात. तिसरीत तुमचं नाव होतं, म्हणून मी जवळ गेले की ती लाजून नुसती गुणगुणायची. तुम्हाला ती येत असणार.

आज तेवढं पाणी द्या. बाप्यानं ओवी म्हटली म्हणून शेजारचे हसतील, हसू द्या. दीड महिना झाला अप्पा, तुमचा आवाज मीसुद्धा ऐकला नाही.

शिवानी