चौदाचे पंधरा

लिहून ठेवणार मी, वय वर्षे त्र्याहत्तर, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची निवृत्त डॉक्टर, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर. माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. खाली राहणारी धाकटी बहीण म्हणते, "बुद्धी शाबूत आहे हे तूच लिहिणार? दुसऱ्या कोणाला तरी विचार." तिचे म्हणणे नोंदवून पुढे जाते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. इतकी वर्षे डॉक्टरकी करून मरण दुसऱ्यांनाच येते असा माझा समज झाला होता.

१. वरचा मजला बहिणीला. तिने तो भाड्याने द्यावा, पण डॉक्टरला देऊ नये. नळ उघडा टाकून निघून जाण्यावरून तिने माझ्याशी आयुष्यभर वाद घातला, आता तिला विश्रांती हवी.

२. बँकेतील ठेवी भाच्याला. त्याने दुसऱ्या वर्षाला डॉक्टरकी सोडून सुतारकाम धरले, तेव्हा मी त्याच्याशी दीड वर्ष बोलले नाही. ज्या कपाटात हे कागद ठेवणार आहे ते त्यानेच केलेले आहे आणि त्याचे दार आजही करकरत नाही. माझे चुकले होते.

३. पुस्तके आणि सूक्ष्मदर्शक आमच्या विभागाला. औषधाबद्दल मिळालेले सन्मानचिन्ह कोणालाच नाही. बहीण ते दार अडवायला वापरते, तिथेच राहू द्यावे.

४. विभागातले संख्याशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे आकडेमास्तर म्हणत, त्यांना माझी खुर्ची आणि माझी माफी. त्यांनी एकदा दारात उभे राहून विचारले होते, "बाई, अकरा जणांच्या गाठी वीस मिलिमीटरच्या वर आणि बाराव्या बाईंची नेमकी पंधरा? परत एकदा मोजता का?" मी म्हणाले, "तुम्ही आकडे बघा, पेशंट मी बघते." ते वही मिटून गेले आणि पुन्हा कधी दारात थांबले नाहीत. त्यांचे खरे होते. कसे, ते पुढच्या कलमात आहे.

५. स्टीलचा कॅलिपर, म्हणजे गाठ दोन टोकांत धरून मोजायची पट्टी, आणि बाराव्या पेशंटच्या नोंदीचे मूळ पान, या दोन वस्तू माझे अंत्यसंस्कार झाल्यावर वकीलबाईंनी त्या पेशंटच्या मुलीला पोहोचवाव्यात.

कारण असे. आम्ही नवे औषध पहिल्यांदाच माणसांना देऊन पाहत होतो. गाठ किमान पंधरा मिलिमीटरची हवी असा नियम होता. त्याहून लहान गाठ औषधाने आटली की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. अकरा पेशंट मिळाले होते. बारावा मिळाला नसता तर महिनाअखेरीला काम गुंडाळावे लागले असते. बारावी बाई शिवणकाम करणारी होती. तिचा आजार संथ होता. नुसते लक्ष ठेवूनही तिची आणखी काही वर्षे निघाली असती आणि हे मला ठाऊक होते. मानेतली गाठ मोजून मी कॅलिपर उजेडात धरला, तेव्हा तिनेही वाकून पाहिले.

"चौदा ना?" ती म्हणाली. जन्मभर मापे घेतलेली बाई.

"पंधरा," मी म्हणाले.

तिने परत एकदा पाहिले. "तुम्ही म्हणता तर पंधरा."

औषध दिल्यापासून नवव्या दिवशी ताप चढून, रक्तदाब कोसळून ती गेली. त्यानंतर आम्ही मात्रा निम्मी केली आणि पुढचे पेशंट वाचले. आज ते औषध घेऊन माणसे नातवंडे खेळवतात. हे वाक्य मी स्वतःला बावीस वर्षे औषधासारखे देत आले, पण गुण आला नाही.

तिची मुलगी दरवर्षी त्याच तारखेला एक रोप घेऊन येते आणि तासभर बसते. गच्चीत बावीस कुंड्या झाल्या आहेत. ती आभार मानायला येते असे मी धरून चालते. 

६. देह शरीरशास्त्र शिकणाऱ्या मुलांना द्यावा. निदान माझी मापे तरी त्यांनी नीट घ्यावीत.

७. कलम पाच रद्द.

वकीलबाईंनी पाचवे कलम वाचून पेनाला टोपण लावले. "हे तुम्ही गेल्यावर द्यायचं? मग तिने भांडायचं कोणाशी?"

रविवारी मी पान आणि कॅलिपर पिशवीत घालून मुलीकडे गेले. तिनेही आईचेच काम धरले आहे. टेबलावर कापड पसरले होते. मी उभ्याउभ्याच सांगितले, बसले असते तर धीर झाला नसता. गाठ चौदाची होती, मी पंधरा लिहिले, आणि ते तिच्या आईसाठी नव्हे, माझ्या कामासाठी.

तिने कात्री खाली ठेवली. "माहीत आहे मला. आई त्याच दिवशी घरी येऊन म्हणाली होती, डॉक्टरीणबाईंनी एक वाढवून लिहिलं गं, मला औषध मिळावं म्हणून. फार जीव आहे त्यांचा माझ्यावर."

"मग तू इतकी वर्षं काही..."

"दरवर्षी येऊन समोर बसत होते ना. वाटायचं, आज सांगतील. तुम्ही चहाचं विचारायचात."

माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मीही माफी मागितली नाही. पान तिने घडी करून शिवणयंत्राच्या खणात ठेवले. कॅलिपर माझ्या हातात परत दिला. "हा शिकणाऱ्यांना द्या. आणि याने मोजून कोणाचं माप वाढवून लिहिलं होतं, तेही सांगा." त्याप्रमाणे कॅलिपर विभागाला, या सात कलमांच्या प्रतीसह. बावीस कुंड्या मुलीला.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर वाचून सही केली: कोपऱ्यावरचे औषधवाले काका आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, निवृत्त ग्रंथपाल. आकडेमास्तरांना खुर्ची मिळते, म्हणून ते साक्षीला चालत नाहीत, पण यातले आकडे त्यांनी तपासले आहेत.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल.

दिनांक: १४. आहे तीच लिहिली.