दोन अंगठे

४ नोव्हेंबर

आज आम्ही इथे राहायला आलो. देवाच्या कृपेने सगळं सामान एकाच फेरीत आलं आणि एक कपबशी सोडली तर काही फुटलं नाही. पुढे गाड्या उभ्या करायला उतरतं अंगण, त्याला रस्त्याकडे एकच अरुंद फाटक; मग गॅरेज, मागे आमच्या दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. मागच्या अंगणात नळ आहे, कपडे वाळत घालायला तार आहे. इतकी वर्षं ह्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली पाने फिरवले, आता गॅरेज स्वतःचं. देवाची तसबीर आधी लावली, मग बाकीचे खिळे ठोकू दिले.

मॅट्रिकपर्यंत शिकून हिने काय केलं तर साबणाच्या वड्या मोजल्या, अशी हे माझी चेष्टा करतात. करोत बापडे. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून आजपासून त्यांवर रोजचं लिहायचं ठरवलं आहे.

रस्ता आमच्या दारातून थेट उतारालाच लागतो. खालच्या गावापर्यंत नुसती वळणं. त्यामुळे प्रत्येक जड गाडी आधी इथे थांबून ब्रेक बघून घेते. जुने मालक किल्ल्या द्यायला थांबले होते, त्यांनी इथली रीत सांगितली. चाकातला ब्रेकचा ड्रम खोलून आतली गळती जो बघेल त्याने चाकाच्या आतल्या बाजूला पिवळ्या रंगात अंगठा उठवायचा. मग दुसऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून त्याच्याशेजारी आपला उठवायचा. दोन अंगठे दिसल्याशिवाय इथला ड्रायव्हर उताराला लागत नाही. हे म्हणाले, दुसऱ्या माणसाचा पगार कुठून आणू? मालक माझ्याकडे बघून म्हणाले, ह्या आहेत की.

त्यांच्या बाई मात्र गाडीतून उतरल्याच नाहीत. उजवा हात शालीत गुंडाळून बसल्या होत्या. चहा घ्या म्हटलं, तर मानेनेच नको म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

ड्रम म्हणजे उपडं पातेलंच की! ते ओढून काढलं की आत चंद्रकोरीसारखे दोन लायनर, आणि वर बोटाएवढा सिलिंडर, दोन्ही टोकांना रबरी टोप्या घातलेला. ह्यांनी फार छान समजावलं. बाहेरून कोरडं दिसतं त्यावर जायचं नाही. टोपीची कड हलकेच उचलायची. आत ब्रेकच्या तेलाची ओल दिसली की सिलिंडर गेला म्हणून समजायचं. तेच तेल लायनरवर उतरतं आणि मग पेडल कितीही दाबा, चाक धरत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा पूजेला बसलेल्या माणसासारखा झाला होता. ब्रेक बघणाऱ्याच्या हातात आख्खी गाडी असते, म्हणाले. मला ह्यांचा अभिमान वाटला, लिहून ठेवते.

दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर मोठा चेष्टेखोर आहे. म्हणाला, वहिनी, आता ट्रकची पातेली घासायला काढली का? मी म्हटलं, घासत नाही, खाली लागलंय का ते बघते. सगळे हसले. माझ्या अंगठ्यावर सुरीचा जुना वण आहे, त्यामुळे ठसा दोन तुकड्यांत उठतो. तुटका अंगठा वहिनींचा, हे ड्रायव्हर लोकांना लगेच पाठ झालं.

जुन्या चादरी फाडून मी गॅरेजला फडकी करून दिली. संध्याकाळी धुते तेव्हा ड्रममधल्या भुकटीने पाणी काळंकुट्ट होतं. साबण जास्त जातो, पण काम झाल्याची खूण आहे ती.

१९ नोव्हेंबर

गाड्या वाढल्या. रांग लागली की हे चिडतात. आज म्हणाले, प्रत्येक टोपी उचलून बघत बसलीस तर गिऱ्हाईक पुढे जाईल, मी बघितलंय ना, तू नुसता अंगठा उठव. मी म्हटलं, न बघता उठवला तर देवाला काय सांगू? पाना आपटून पुढच्या गाडीकडे गेले. जेवताना मात्र अगदी गोड होते.

स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे. बुळबुळीत लागते. पुसलं तर खालचा रंगच फडक्याबरोबर आला.

२५ नोव्हेंबर

तापाने आडवी पडले होते, आज उठून बसले. ह्यांनी फार केलं माझं. ग्लानीत एकदा डोळे उघडले तर माझा हात हातात घट्ट धरून उशाशी बसलेले. इतक्या वर्षांत असं कधी बसले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं.

फडकी धुवायला घेतली. सगळी पांढरी. गाड्या तर रोज गेल्या, आवाज येत होते.

२६ नोव्हेंबर

बाहेर एक बस पाण्याला थांबली होती. सवयीने वाकून पाहिलं. चाकाच्या आत ताजा पिवळा अंगठा, दोन तुकड्यांतला. माझा. मी अंथरुणात होते.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तापात चालत आली असशील. हसले. मी जप केला, पण चित्त लागलं नाही. जप करताना अंगठा ओला लागत होता. घाम म्हणावा तर चिकट नाही, बुळबुळीत. वास घेतला. ब्रेकचं तेल.

२९ नोव्हेंबर

पुसते, पुन्हा येतं. वणाच्या फटीतून पाझरतं. अंगणात गाडी उभी राहिली की जास्त. ज्या गाडीच्या चाकावर तो मी न उठवलेला अंगठा आहे, तीच गाडी.

भिंतीवरची ओल नीट पाहिली. रंग उडालाय तो अंगठ्याच्या आकारात. एक नाही, भिंतभर. काही माझ्यापेक्षा लहान आहेत. बाईचेच. मालकांच्या बाईंनी हात का गुंडाळला होता ते—

चिंधी बांधली आहे. स्वयंपाक डाव्या हाताने केला.

१ डिसेंबर

दुधाची गाडी खालच्या वळणावर दरीत गेली. पेडल तळाला लागलं म्हणे. चेष्टेखोर ड्रायव्हर जागीच— मला वहिनी म्हणायचा.

मी त्या गाडीला हात लावला नव्हता. देवा, तू बघितलंस ना?

३ डिसेंबर

त्याची बायको आली होती. रडली नाही. माझी चिंधी सोडली, अंगठा उलटा करून बघितला, वणावरून बोट फिरवलं. म्हणाली, हाच. ह्याच्या भरवशावर गेला तो. मग तिचं बोट ओलं झालं ते तिने माझ्याच पदराला पुसलं आणि गेली. हे आत चहा पीत बसले होते. बाहेर आले नाहीत.

४ डिसेंबर

भूत नाही. भूत असतं तर बरं झालं असतं.

दोरा तोडायला पातं हवं होतं म्हणून ह्यांचा दाढीचा डबा उघडला. आत रबराचा अंगठा. मधोमध वण. पिवळा रंग अजून ओला. शेजारी पुट्टीचा गोळा, त्यात माझ्या अंगठ्याचा खळगा. तापात हात धरून बसले होते. मला वाटलं माया.

विचारलं. नजरसुद्धा चुकवली नाही. म्हणाले, तू आजारी, मग दुकान बंद ठेवायचं होतं का? मी म्हटलं, निदान तुम्ही तरी ड्रम खोलले होते का? त्यांनी माझ्या हातातून डबा घेऊन झाकण लावलं.

मी बाहेर जाऊन उभ्या गाड्यांखाली वाकले. एकेक चाक बघितलं. दोन-दोन अंगठे आहेत. दोन्ही तुटके. ह्यांचा एकही नाही. कुठेच नाही.

म्हणाले, बाईमाणूस आहेस, चुकले म्हणशील, तुला कोण काय करणार आहे? नवऱ्यासाठी एवढंही—

५ डिसेंबर, सकाळ

धाकटा भाऊ आला आहे. टेम्पो घेऊन. भावजय, बाळ. खाली तिच्या माहेरी निघालेत. आवाजावरून कळलं. दाराला बाहेरून कडी आहे.

ह्यांनी त्याला सांगितलं, ताईला पुन्हा ताप, बरळते आहे, जवळ जाऊ नका, बाळाला लागेल.

अंगठ्यातून धार लागली आहे. जमीन ओली. पेन निसटतं—

मी अंगणाकडच्या खिडकीतून ओरडले. ड्रम खोल म्हटलं, माझ्या देखत खोल. तो हसत आला. म्हणाला, ताई, पडून राहा बघू. दाजींनी स्वतः बघितलंय, आणि तुझाही अंगठा आहे, एकाला दोन आहेत. मी आता कशाला वाकू?

घरचा माणूस म्हणून वाकला नाही. परक्याकडे वाकला असता.

बाळाचा हात हलवून दाखवला मला भावजयीने. बसले सगळे. टेम्पो अंगणाच्या वरच्या टोकाला. गाडी सुरू झाली.

खिडकीचा एक गज सैल आहे. अंग निघेल. फाटक अरुंद, तिथूनच जावं लागेल त्याला. उतार लागायच्या आतच मध्ये जाऊन उभी राहते. ताईला बघून तो पाय ब्रेकवर देईल, पूर्ण दाबेल, आणि मग—