लंडनचा पूल आन् बापाचं पान

पेडगाव, पित्तरपाट, मंगळवार सांज

आज बापाचं पित्तर, आन् लेक लंडनात बायकोसंगं नावंत हिंडायलाय! कवाच सांगितलं होतं, आज घरी ऱ्हा, फोनवरून तरी हात जोड. मी माळवदावर कावळ्यासाठी पान ठिवलं, फोन उभा धरला. तर हा म्हणतो, "आई, हा पूल बघ, मधून उघडतो!"

"पूल ऱ्हाऊ दे, पानाकडं बघ."

"अगं, तिकिटं आधीच काढली होती."

बापापरीस पूल मोठा? दुपार कलली तरी कावळा येईना. तिकडं पूल उघडला म्हणं, लय भारी! शेवटी मीच म्हणलं, "मालक, जेवा. त्याच्याकडं मी बघते." तवा कुठं कावळा शिवला.

आता शब्द दिलाय. उद्या फोन आला की सुनेनं मधी तोंड घालायचं न्हाई. बापाच्या फोटूसमोर त्यानंच जबाब द्यायचा.