वेगळं कार्ड, विटेएवढा चार्जर

ताइपिंग,
८ जुलै

चि. लिओंग यास स्यू हून मावशीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं धडधाकट आहोत, तूही आहेस असं धरून चालते. सिंगापूरला गेल्यापासून तुझं एक अक्षर नाही. फोनवर मात्र अंगठे उंचावलेली चित्रं पाठवतोस. त्या अंगठ्यांनी माझं पोट भरत नाही बाबा. दुकानात तुला बढती मिळाली म्हणे, आणि ही बातमी मला तुझ्या आईकडून कळावी?

हे मुद्दाम कागदावर लिहिते आहे. भुतांचा सातवा महिना तोंडावर आलाय. गेलेल्या माणसाचं नाव या दिवसांत मोठ्याने घेऊ नये, फोनवर तर नाहीच. कोण कोण ऐकत असेल सांगता येत नाही.

आमचा श्वेन माझ्या स्वप्नात येतो. डेंग्यूने गेला त्या साली एकदाही आला नाही, आता येतो. स्वयंपाकघरातल्या आपल्या स्टुलावर बसलेला असतो, मांडीवर लॅपटॉप. हात उचलतो, तो हवेतच राहतो, आणि मग एकदम टेबलावर दिसतो. मधलं काही नाहीच. मान वळवतानाही तसंच. त्याचा चेहरा माझ्याकडे वळेपर्यंत मला जाग येते. लिओंग, माझं लेकरू तिकडेही अडखळतंय रे. मला बघवत नाही.

गेल्या वर्षी सातव्या महिन्याच्या पूजेला आम्ही त्याच्यासाठी कागदाचा लॅपटॉप जाळला होता, धुरातून त्याला तिकडे पोहोचावा म्हणून. कागदी वस्तू करणाऱ्या चिया म्हाताऱ्याने कोणता करू म्हणून विचारलं, मी म्हटलं कोणताही कर. आता चिया सांगतो की हल्ली लोक आत काय काय हवं तेही बजावून जातात. खेळायला हवा असेल तर ग्राफिक्स आतलंच की वेगळ्या कार्डाचं, ते ठरवून ये म्हणाला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू दिवसभर हेच विकतोस, आणि श्वेनबरोबर खेळायचासही तूच. काका म्हणतात, कागदाचाच आहे तर सगळ्यात महागडा घ्या की. त्यांना सगळ्याचीच थट्टा. पण भारी वस्तू पाठवली की वाटेतली बेवारशी भुतं ती हिसकावून घेतात. तेव्हा स्वस्तातला, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा, पण माझ्या पोराला नीट खेळता येईल असा सांग.

उत्तर लगेच धाड. मावशीवर तुझी माया आहे हे ठाऊक आहे, ती या कामात दिसू दे.

तुझी मावशी,
स्यू हून


सिंगापूर,
१७ जुलै

ती. स्यू हून मावशीस लिओंगचा वाकून नमस्कार.

अंगठ्यांबद्दलची बोलणी खाल्ली आणि पचवली. बढतीचं म्हणशील तर पूर्वी गिऱ्हाइकांच्या शिव्या उभ्याने खायचो, आता खुर्चीत बसून खातो. कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे. आतलंच ग्राफिक्स म्हणजे एका शेगडीवरचा संसार. भात, रस्सा, चहा सगळं तिच्यावरच. लिहा-वाचायला, सिनेमा बघायला तेवढं पुष्कळ झालं. खेळात मात्र पळत्या माणसाचं चित्र क्षणोक्षणी नव्याने काढावं लागतं, आणि ते वेळेत निघालं नाही की माणूस अडखळतो. तुला दिसतो तसाच. वेगळं कार्ड म्हणजे दुसरी शेगडी, तिचा सिलिंडरही तिचा स्वतःचा. श्वेनचा खेळ काही फार खादाड नाही, तेव्हा मागच्या पिढीतलं साधं कार्ड पुरे. बाहेरून काळा कुळकुळीत ठेवायला सांग, लुकलुकणारे दिवे नकोत, म्हणजे तुझ्या भुतांची नजर जाणार नाही. गरम हवा बाहेर पडायला मागे जाळी हवी. आणि चार्जर! वेगळ्या कार्डाला वीज फार लागते, त्याचा चार्जर विटेएवढा असतो. गेल्या वर्षी चियाने चार्जर दिला होता का? मी स्वतः अजून आतल्याच ग्राफिक्सवर भागवतो, पण हे आमच्या गिऱ्हाइकांना सांगत बसू नकोस.

आता एक गोष्ट, जी मी आईलाही सांगितलेली नाही. खेळातल्या माझ्या मित्रांच्या यादीत श्वेनचं नाव अजून आहे. मी कामावरून येऊन बसलो की संध्याकाळी त्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. म्हणजे तो खेळायला आलाय. थोडा वेळ राहतो, मग विझतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खोलीबाहेर पळालो होतो. आता रोज वाट बघतो. ठिपका लागला की 'चल, येतोस का' असं बोलावणं धाडतो. उत्तर कधीच येत नाही. कुणा चोरट्याने त्याचं खातं उघडलं असेल अशी मी माझी समजूत घालतो. मावशी, मला भीती वाटते. आणि ज्या दिवशी ठिपका लागत नाही त्या दिवशी जास्त वाटते. नाव काढून टाकू का?

काकांना नमस्कार. तुमची माया दूर राहूनही पुरते, पण हल्ली जरा जास्त लागते.

तुझा,
लिओंग


ताइपिंग,
२७ जुलै

चि. लिओंग यास मावशीचे आशीर्वाद, आणि आधी एक गोष्ट ऐक. नाव काढू नकोस.

तो चोरटा म्हणजे मी. सांजेला श्वेनच्या फोटोपुढे उदबत्ती लावली की मी त्याचा जुना लॅपटॉप पुसून उघडते. बंद पडून राहिला तर कायमचा जाईल असं वाटतं. बॅटरी केव्हाच मेली आहे, तार काढली की त्याच क्षणी डोळे मिटतो. त्याने काय करून ठेवलंय कोण जाणे, खेळ आपोआप सुरू होतो. एक पोरगा नदीवरच्या पुलापाशी उभा असतो. काही करत नाही, नुसता श्वास घेतो. मी त्याला जेवलास का विचारते.

आणि रोज एक छोटी चौकट वर येते, तिच्यात इंग्रजी अक्षरं. मला ती वाचता येत नाहीत. मला वाटायचं, तो मला हाक मारतोय. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की तो तू होतास. आधी हसले, मग काकांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. तू त्याला हाक मारत होतास, मी त्याला जेवायचं विचारत होते, आणि तो दोघांच्याही मध्ये नव्हताच.

काका म्हणतात, मग सुटलं कोडं. पडद्यावरचा पोरगा अडखळतो, तेच तुला स्वप्नात दिसतं, कशाला हवा दुसरा लॅपटॉप. असेलही. पण स्वप्न थांबलेलं नाही, आणि त्यांना ते पडत नाही. चियाला मी तुझं पत्रच वाचून दाखवलं. वेगळं कार्ड आत चिकटवून देतो म्हणाला, मागे जाळी कापतो, दिवे लावत नाही. गेल्या वर्षी चार्जर दिलाच नव्हता, हे त्याने कबूल केलं. म्हणजे माझं पोर वर्षभर बिनविजेचं बसलंय.

सातव्या महिन्यात संध्याकाळी पोहायला जाऊ नकोस, पाण्यातली भुतं खाली ओढतात. तुझा जीव आम्हाला हवा आहे, हे विसरू नकोस.

मावशी


सिंगापूर,
५ ऑगस्ट

ती. मावशीस लिओंगचा नमस्कार.

चोर सापडला. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण खरं सांगू का, तो तूच होतीस हे कळल्यावर श्वेन मला दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटला. रागावू नकोस.

आता असं कर. पूजेच्या संध्याकाळी सगळं जाळून उरकलं की लॅपटॉप उघड. चौकट आली की त्यातलं हिरवं बटण दाब, लाल नाही. मग पुढे काही करायचं नाही, नुसती पुलावर उभी राहा. मी येऊन शेजारी उभा राहीन. तेवढंच आपण तिघं एका जागी.

पोहायला जाणार नाही. तुझं बोलणं मानतो, हे ध्यानात असू दे.

लिओंग


सिंगापूर,
१९ ऑगस्ट

ती. मावशीस साष्टांग, आणि कोपरापासूनही!

मावशी, तू तर छुपी रुस्तम निघालीस! काल संध्याकाळी ठिपका लागला, मी बोलावणं धाडणार तोच तुझंच माझ्याकडे आलं. हे करायला तुला कुणी शिकवलं? मी पुलावर पोहोचतो तर तू उभी कसली राहतेस, सुसाट पळालीस! छपरांवरून उड्या काय, पवनचक्कीला वळसा काय. आणि पुलावर परत आल्यावर मला मागून नदीत ढकललंस. श्वेन दर वेळी अस्संच करायचा. मी एकटाच खोलीत मोठमोठ्याने हसलो आणि मग बराच वेळ रडलो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

तुला हे सगळं कुठून कळलं, ते सविस्तर लिही. तोवर भाच्याचा हा आदर वाढलेलाच समज.

तुझा,
लिओंग


ताइपिंग,
२८ ऑगस्ट

चि. लिओंग यास आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आता पूजेच्या दिवशी काय झालं ते तुला लिहिते.

चियाने लॅपटॉप झकास केला होता. पण चार्जर केला काडेपेटीएवढा. आम्ही आगीभोवती उभे होतो, आणि काका तो चिमुकला चार्जर तळहातावर घेऊन बघत राहिले. म्हणाले, लिओंगने वीट लिहिलं होतं, एवढ्याशाने वेगळं कार्ड कसं चालणार? मी म्हटलं, आता ऐन वेळी काय करायचं? ते घरात गेले, श्वेनच्या जुन्या लॅपटॉपचा खरा चार्जर घेऊन आले आणि त्यांनी तो आगीत टाकला. काळा धूर, घाण वास, चिया ओरडायला लागला. काका जागचे हलले नाहीत. तो गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा मी लॅपटॉप कशाने उघडणार होते, लिओंग? तो त्या दिवसापासून फोटोखाली मिटलेलाच आहे. त्याला तारच नाही.

मी हिरवं बटण दाबलं नाही. मी पळाले नाही. मला समजावून सांगायला जाऊ नकोस, मला खुलासा नकोय. पूजेपासून तो माझ्या स्वप्नात आलेला नाही. मला एवढंच कळव. तू त्याला पळताना बघितलंस. तो कुठे अडखळला का रे?

वाट बघते आहे.

मावशी


सिंगापूर,
६ सप्टेंबर

ती. मावशीस आणि ती. काकांस नमस्कार.

नाही. एकदाही नाही.

अडखळत होता तो माझा लॅपटॉप. मला ढकलल्यावर तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसला, पाय खाली सोडून. खेळातला माझा माणूस एकेक पाऊल करत येत होता, आणि मी पोहोचेपर्यंत तो माझी वाट बघत थांबला.

तुमचा,
लिओंग